कोठवर, प्रभू? दुःखात ख्रिस्ती आशा टिकते ती कशाच्या जोरावर

ख्रिस्ती घरात कुणी अंथरुणाला खिळलं, कुणी अचानक गेलं, की भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी ठरलेली वाक्यं असतात. ‘देवाची इच्छा.’ ‘विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल.’ ‘देवाला आवडला म्हणून नेलं.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण बायबल उघडलं की वेगळंच चित्र दिसतं. तिथे माणसं देवाला जाब विचारतात, ‘तू झोपलास का?’ असं म्हणतात, मरण मागतात. त्यांची ही तक्रार कुणी खोडून टाकलेली नाही. ती प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात ठेवली आहे आणि उपासनेत वाचलीही जाते.

दुःखातल्या माणसाला ख्रिस्ती आशा देते तरी काय, आणि ती रोजच्या दिवसात वापरायची कशी, ते या लेखात पाहू. ‘देव दुःख का येऊ देतो?’ या प्रश्नाचं पूर्ण उत्तर इथे मिळणार नाही, कारण बायबलही ते देत नाही. निर्दोष असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाने हाच प्रश्न लावून धरला. ४२ अध्यायांच्या त्या पुस्तकात शेवटी देव त्याच्याशी बोलतो खरा, पण कारण सांगत नाही.

पाया कशाचा

ही आशा एका घडून गेलेल्या गोष्टीवर उभी आहे: येशू मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. येशूचा प्रेषित पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात आडपडदा न ठेवता लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे. त्याच अध्यायात तो ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हणतो. हंगामातलं पहिलं फळ हाती आलं म्हणजे पुढचं पीक येणार याची खूण मिळाली. येशूच्या बाबतीत जे झालं ते त्याच्या लोकांच्या बाबतीत आणि अखेर सगळ्या सृष्टीच्या बाबतीत होणार आहे, असा हा दावा आहे. बायबलचं शेवटचं पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात देव स्वतः डोळ्यांतले अश्रू पुसतो आणि मरण, शोक, रडणं, कष्ट संपतात, ते या दाव्याचं शेवटचं टोक.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पुढच्या आठवड्याच्या रिपोर्टवर ही आशा अवलंबून नसते. रिपोर्ट चांगला आला तर आभार मानायचे, वाईट आला तरी पाया जिथल्या तिथे राहतो. दुसरी गोष्ट लोक विसरतात: पीक अजून यायचं आहे. कब्रस्तानं आहेत, कॅन्सर आहे, दुष्काळ आहे. म्हणून ख्रिस्ती माणसाने दुःख नसल्यासारखं वागावं, असं कुठेच सांगितलेलं नाही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (४:१३) पौल म्हणतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. यातला पहिला भाग गाळून कित्येकदा नुसतं ‘रडू नका’ एवढंच सांगितलं जातं. त्या वचनात शोकाला मनाई नाही, शोकाच्या सोबतीला आशा दिली आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात हे अगदी जवळून पाहता येतं. लाजराला पुरून चार दिवस झालेत. मार्था येशूला गाठते आणि म्हणते, प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि तेच वाक्य बोलते. दोघींच्या बोलण्यात सरळ ठपका आहे, कारण निरोप वेळेवर पाठवला होता आणि येशू मुद्दाम दोन दिवस थांबला होता. येशू दोघींपैकी कुणालाही दटावत नाही. मार्थेला तो शब्द देतो, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ मरीयेला मात्र एकही शिकवण देत नाही. ती रडते, सोबतचे लोक रडतात, आणि येशूही रडतो. पाच-दहा मिनिटांत आपण लाजराला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडतो. तक्रार एकच, माणसं दोन, म्हणून प्रतिसादही दोन. भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने हा उतारा आधी एकदा वाचावा.

तक्रारीची प्रार्थना: तिची घडण

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. आपल्या चर्चमध्ये गायली जाणारी गाणी मोजली तर हे प्रमाण कुठेच जुळणार नाही. आपण स्तुती भरपूर गातो आणि विलाप गुड फ्रायडेपुरता राखून ठेवतो. मग घरावर आभाळ कोसळतं तेव्हा देवाशी काय बोलायचं याचा सरावच नसतो.

या स्तोत्रांचा साचा अभ्यासकांनी नीट उलगडून दाखवला आहे. साधारणपणे पाच भाग असतात: देवाला हाक, तक्रार, नेमकी मागणी, विश्वासाची कबुली आणि स्तुतीचं वचन. क्रम मागेपुढे होतो, एखादा भाग गळतोही. शिकायला १३वं स्तोत्र सगळ्यांत सोपं, कारण ते अवघं सहा ओव्यांचं आहे.

पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. कोठवर विसरशील, कोठवर तोंड लपवशील, कोठवर मी मनात झुरत राहू, कोठवर शत्रू माझ्यावर वरचढ राहील. म्हणजे तक्रार तीन बाजूंनी आहे: देवाबद्दल, स्वतःच्या मनाबद्दल, बाहेरच्या परिस्थितीबद्दल. तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणी आहे, तीही कारणासकट: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे उजळ, नाहीतर मी मरेन आणि शत्रू म्हणेल की मी याला जिंकलं. आणि पाचव्या ओवीत एकदम वळण येतं: मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. चौथ्या आणि पाचव्या ओवीमध्ये बाहेर काहीही बदललेलं नाही. शत्रू तिथेच आहे, उत्तर आलेलं नाही. बदल होतो तो बोलणाऱ्यात, आणि तोही तक्रार पूर्ण सांगून झाल्यावर.

हे वळण प्रत्येक वेळी येतंच असं नाही. ८८वं स्तोत्र पाहा. ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी एक हाक सुरुवातीला आहे, आणि मग शेवटपर्यंत काळोख. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. कुणी संपादक शेवटी एखादी गोड ओवी जोडू शकला असता, पण तसं झालं नाही. कॅथॉलिक चर्चच्या दैनंदिन प्रार्थनाविधीत शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी हेच स्तोत्र म्हटलं जातं. ज्या दिवशी आशेचं एकही वाक्य तोंडातून निघत नाही, त्या दिवशीची प्रार्थनाही शास्त्रात आधीच लिहून ठेवली आहे.

आणि येशू? अटकेआधी गेथशेमाने बागेत त्याने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा विनवणी केली. वधस्तंभावर त्याने आपल्या भाषेत जी आरोळी ठोकली, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, ती २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. परमेश्वराच्या पुत्राने मरताना विलापाचं स्तोत्र उचललं, म्हणून देवाला ‘का?’ विचारणं अविश्वासात मोडत नाही.

स्वतःचा विलाप कसा लिहावा

एक कोरा कागद, पेन आणि पंधरा-वीस मिनिटं पुरतात. फोनवर लिहिलं तरी चालेल, पण कागदावर हात सावकाश चालतो आणि त्याचा फायदाच होतो. बायबलच्या भाषेत लिहायचा अट्टाहास नको. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत लिहा, वसईकडचे असाल तर सामवेदीत किंवा वाडवळीत लिहा. जड शब्द वापरले की खरी तक्रार त्यांच्या आड लपते.

सुरुवात हाकेने. एक ओळ बास. तक्रारीला मात्र अर्धा कागद द्या आणि १३व्या स्तोत्राच्या तीन बाजू लक्षात ठेवा: देवा, तू काय करतोयस असं मला वाटतं, माझ्या आत काय चाललंय, बाहेर काय चाललंय. मग मागणी. ती इतकी नेमकी हवी की पूर्ण झाली की नाही ते सांगता यावं. ‘मला शांती दे’ ऐवजी ‘आज रात्री चार तास सलग झोप दे’. त्यानंतर विश्वासाचं एक वाक्य, तेही तुम्हाला आज प्रामाणिकपणे म्हणता येईल तेवढंच. शेवटी वचन.

आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाचा विलाप असा असू शकतो:

‘प्रभू येशू, मी बोलतोय. दीड वर्ष झालं, मशीनवर चार तास पडून छताकडे बघतो आणि तू कुठे आहेस ते मला दिसत नाही. मंडळीतले लोक आधी यायचे, आता येत नाहीत. हाताची शीर सुजते, पाणी मोजून प्यावं लागतं, बायकोवर विनाकारण ओरडतो आणि मग लाज वाटते. कोठवर चालायचं हे? किडनी मिळू दे. ती मिळेपर्यंत गुरुवारी बीपी पडू देऊ नकोस, आणि घरी गेल्यावर माझं तोंड आवर. तुलाही तहान लागली होती, एवढं मला माहीत आहे. आज तेवढ्यावर थांबतो. शुद्धीत असेन तोवर तुझ्याशी बोलणं सोडणार नाही.’

यात ‘सगळं ठीक होईल’ कुठेही नाही. विश्वासाचं वाक्य एकच आहे, तेही वधस्तंभावरच्या ‘मला तहान लागली आहे’ या उद्गाराला धरून. तरी ही पूर्ण ख्रिस्ती प्रार्थना आहे. लिहून झाल्यावर ती मोठ्याने वाचावी, शक्य असेल तर एका विश्वासातल्या माणसासमोर. कागद ठेवायचा की फाडायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न.

चुका कुठे होतात तेही सांगायला हवं. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे तक्रार दोन ओळींत गुंडाळून थेट स्तुतीवर उडी मारणं. चर्चमध्ये चारचौघांत बोलायची सवय झालेली असते, तिचा हा परिणाम. अशी प्रार्थना करून माणूस आणखी एकटा पडतो, कारण देवासमोरही त्याने मुखवटा घातलेला असतो. याच्या उलट चूक म्हणजे देवा*बद्दल* सगळ्यांशी कुरकुर करायची आणि देवा*शी* चकार शब्द बोलायचा नाही. इजिप्तमधून सुटून रानात भटकताना इस्राएल लोकांनी हेच केलं. तिसरी चूक वचनाच्या जागी होते. स्तोत्रांत ‘मी नवस फेडीन’ असं येतं म्हणून आपण सौदा करतो: बरं केलंस तर अमुक देईन. विलापातलं वचन अट न घालता दिलेलं असतं, ते पुढच्या वाटचालीबद्दल असतं.

आणि काही दिवस असे येतात की लिहिणंच काय, बायबल हातात धरणंही जमत नाही. तेव्हा ८८वं किंवा १३०वं स्तोत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात, छप्पर उसकटतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. आजारी माणूस त्या प्रसंगात एक शब्दही बोललेला नाही.

मोडतोड होणारी वचनं

रोमकरांस पत्र ८:२८ हे दुःखात सर्वाधिक फेकून मारलं जाणारं वचन: देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. ते वचन खोटं नाही, पण त्याच्या आधीच्या दहा ओव्या वाचल्याशिवाय ते कुणाला ऐकवू नये. २२व्या ओवीत सगळी सृष्टी कण्हते आहे, २३व्यात आपण कण्हतो आहोत, आणि २६व्यात पवित्र आत्मा शब्दांत मांडता येणार नाही अशा कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो आहे. तीनदा कण्हून झाल्यावर २८वी ओवी येते. झालेली प्रत्येक गोष्ट चांगली होती, असं ती म्हणत नाही. कल्याण म्हणजे काय तेही पुढच्याच ओवीत सांगितलंय: देवाच्या पुत्राच्या प्रतिमेसारखं होणं. गेलेली नोकरी किंवा मोडलेलं लग्न परत मिळेल, असा त्याचा अर्थ नाही.

रोमकरांस ५:३–५ मधली साखळीही अशीच वापरली जाते. संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. पौल हे स्वतःबद्दल आणि ‘आपल्याबद्दल’ बोलतो आहे, दुसऱ्याच्या खाटेशेजारी उभं राहून त्याला सुनावत नाही. शिवाय साखळीत आशा शेवटी आहे. पहिल्याच आठवड्यात ती मागायला जाऊ नये.

‘काहीतरी पाप असेल’ ही शंका मात्र येशूने दोनदा स्पष्ट शब्दांत मोडून काढली आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेले, ते यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी होते का, असं विचारून लूक १३ मध्ये तो स्वतःच ‘नाही’ म्हणतो. योहान ९ मध्ये जन्मांधाबद्दल शिष्य विचारतात, पाप याचं की आईबापांचं? उत्तर: दोघांचंही नाही. काही दुःखं आपल्याच करणीतून येतात हे खरं, दारू पिऊन गाडी ठोकली तर कारण शोधावं लागत नाही. पण त्यावरून प्रत्येक आजारामागे पाप हुडकत बसणं ही ईयोबाच्या मित्रांची वाट. ते मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो आणि भांडणारा ईयोब माझ्याविषयी खरं बोलला, असा निर्वाळा देतो.

प्रार्थना आणि औषध

बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करावी. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून, तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. कॅथॉलिक घरात यासाठी फादरना बोलवायला शेवटच्या घटकेची वाट पाहतात, ते चुकीचं आहे. गंभीर आजाराच्या सुरुवातीला, मोठ्या ऑपरेशनच्या आधीही हा संस्कार घेता येतो.

पण ‘प्रार्थनेत बरा झालो’ म्हणून गोळ्या बंद करणं जिवावर बेतू शकतं. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट पुन्हा येतात आणि त्या जोरदार असू शकतात. टीबीचं औषध अर्ध्यावर सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. इन्सुलिन बंद करणंही तितकंच धोक्याचं. खरंच बरं वाटत असेल तर तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांनाच डोस ठरवू द्या. देवाने बरं केलं असेल तर ते रिपोर्टमध्येही दिसेल. आणि बरं नाही झालं तर विश्वास कमी पडला असा निष्कर्ष काढायचा नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही. उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’

पंडिता रमाबाईंच्या आयुष्याकडे या नजरेने पाहा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याने पुढचं दुःख टळलं नाही. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्याआधी गेली. केडगावचं मुक्ती मिशन आणि बायबलचं मराठी भाषांतर ही कामं त्यांनी १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत धरून ठेवली.

मनाच्या आजारालाही हाच नियम. एलिया संदेष्टा १ राजे १९ मध्ये एका झुडुपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो, ‘ऊठ, खा’ म्हणतो. एलिया खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर विचारला जातो. तर आधी झोप आणि जेवण. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा, पाळकांच्या किंवा फादरच्या भेटीसोबतच. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका: १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

भेटायला जाणाऱ्यांसाठी

मातीला गर्दी असते. सातव्या दिवसाची मिस्सा किंवा घरची प्रार्थनासभा होईपर्यंत डबेही येतात. खरी पोकळी त्यानंतर सुरू होते. तेव्हा पहिल्या आठवड्यात शंभर जणांनी येण्यापेक्षा चौघांनी वाटून घ्यावं: एकाने बँक, पेन्शन आणि मृत्यूच्या दाखल्याची कागदपत्रं, एकाने मुलांची शाळा, एकाने रविवारी चर्चला सोबत, एकाने फक्त गप्पा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, सांगायला कुणालाच जमत नाही. ‘बुधवारी सातला भाजी-भाकरी घेऊन येतो’ म्हणा आणि या. पंधरा-वीस मिनिटं बसा. प्रार्थना करायची का ते आधी विचारा, आणि नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. केलीत तर दोन मिनिटांत आटपा आणि त्यांच्या तक्रारीतलं एखादं वाक्य तिच्यात येऊ द्या.

गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. घरच्यांना ते ऐकायचं असतं. पहिला नाताळ, पहिला ईस्टर, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस आणि २ नोव्हेंबर, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा दिवस, या तारखा जड जातात. त्या आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, एक दिवस आधीची आठवण लावून, म्हणजे फोन वेळेवर जाईल.